घरातला ‘बिल्ला’ कसला? जॉर्ज राजाच्या मुद्रेची युद्धपदकं ओळखताना

नाणेघाट

सातारा-कोल्हापूरपासून रत्नागिरी-बेळगावपर्यंतच्या पट्ट्यात जुन्या ट्रंकेत किंवा देवघराच्या फळीवर राजाचा बिल्ला निघतोच. लगेच कुटुंबाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर फोटो येतो, खाली ओळ असते: ‘पणजोबांना इंग्रज सरकारने दिलेलं शौर्यपदक.’ बहुतेक वेळा ते शौर्यपदक नसतं, सेवापदक असतं. त्यात कमीपणा काही नाही. उलट नीट वाचलं तर माणूस कुठे होता, काय काम करत होता, किती काळ होता हे त्यातून निघतं. शौर्यपदक म्हणून मिरवलं की ही सगळी माहिती वाया जाते. म्हणून हा धागा.

सर्वांत जास्त सापडणाऱ्या दोन पदकांपासून सुरुवात करू. दोन्ही दुसऱ्या महायुद्धाची, दोन्हींचा व्यास ३६ मि.मी., दोन्ही तांबे-निकेलच्या मिश्रधातूची (चांदीची नव्हेत), आणि दोन्हींवर सहाव्या जॉर्जचं मुकुट घातलेलं, डावीकडे पाहणारं डोकं.

पहिलं वॉर मेडल १९३९-४५. मागच्या बाजूला दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा असलेला सिंह. फीत लाल-निळी-पांढरी. पूर्णवेळ सैन्यात २८ दिवस काढले की हे मिळे, मग माणूस ब्रह्मदेशात असो की पुण्यात.

दुसरं इंडिया सर्व्हिस मेडल. मागे हिंदुस्थानचा उठावाचा नकाशा, वर ‘इंडिया’, खाली ‘मेडल १९३९-४५’. फीत गडद निळी, तिच्यावर फिक्या निळ्या पट्ट्या. हे निळे रंग ‘स्टार ऑफ इंडिया’ आणि ‘इंडियन एम्पायर’ या दोन राजकीय सन्मानांच्या फितींवरून घेतलेले. स्थापना जून १९४६ ची, म्हणजे राज्य जायला सव्वा वर्ष उरलेलं असताना. अट अशी: ३ सप्टेंबर १९३९ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात हिंदुस्थानातच, प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्राबाहेर, तीन वर्षं सेवा. प्रशिक्षण केंद्र, डेपो, दारूगोळ्याचं कोठार, रेल्वे, इस्पितळ सांभाळणारी माणसं ही.

घरात फक्त ही दोनच असतील तर आजोबा बहुधा देशातच होते. त्यांच्यासोबत सहा टोकांचे तारे असतील तर ते लढाईच्या क्षेत्रात गेले होते. ताऱ्याच्या मधल्या पट्टीवर इंग्रजीत नाव असतं: आफ्रिका, बर्मा, इटली वगैरे. ‘१९३९-४५ स्टार’ हा पाया. बाकीचे तारे जवळपास नेहमी त्याच्या जोडीनेच येतात. घरात नुसता बर्मा स्टार असेल तर जोडीचा कुठेतरी हरवला आहे असं समजा.

तारखा लक्षात ठेवा. आफ्रिका स्टार १० जून १९४० ते १२ मे १९४३, बर्मा स्टार ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५, इटली स्टार ११ जून १९४३ ते ८ मे १९४५. आफ्रिका स्टार म्हणजे फक्त वाळवंट नव्हे. एरिट्रिया-ॲबिसिनियाची (आजचा इथिओपिया) मोहीमही त्यातच. एरिट्रियातल्या केरेनला १९४१ मध्ये लढलेल्या तिसऱ्या मराठा पलटणीच्या माणसाकडे हाच तारा असणार.

एक गंमत. राजाच्या डोक्याभोवती जे लॅटिन लिहिलेलं असतं, त्यात ‘जॉर्ज’च्या स्पेलिंगमध्ये ‘यू’च्या जागी ‘व्ही’ असतो. तो ‘व्ही’ पाचचा रोमन आकडा समजून बाजारात सहाव्या जॉर्जची पदकं पाचव्याची म्हणून, अर्थात पहिल्या महायुद्धाची म्हणून, खपवतात. आकडा नावानंतर सुटा लिहिलेला असतो, तो बघा.

खापरपणतू

उत्तम धागा. फोटो टाकलाय. पाचव्या जॉर्जचं डोकं, मागे घोडेस्वार, १९१४ आणि १९१८. पण रंग तांब्याचा आहे. नेटवर सगळीकडे हे पदक चांदीचं लिहिलंय. म्हणजे आमचं नकली का? कडेवर इंग्रजीत ‘भिस्ती’ असं दिसतंय.

रिसालदार

खापरपणतू, अजिबात नकली नाही, आणि तो ‘भिस्ती’ शब्दच त्याचं प्रमाणपत्र आहे. हे ब्रिटिश वॉर मेडल १९१४-२०. लढणाऱ्या शिपायांना चांदीचं दिलं. मजूर दलांतल्या आणि पलटणीसोबतच्या बिनलढाऊ नोकरांना, ज्यांना कागदोपत्री ‘फॉलोअर’ म्हणत, त्यातल्या पुष्कळांना तेच पदक त्याच साच्यातून ब्राँझमध्ये दिलं. चांदीची पासष्ट लाखांच्या आसपास निघाली, ब्राँझची सुमारे एक लाख दहा हजार. ती चिनी, माल्टीज आणि हिंदी मजुरांकडे गेली. म्हणजे तुमचं पदक चांदीच्यापेक्षा दुर्मीळ आहे. चांदीचा मुलामा देऊन ‘नीट’ करून घेऊ नका, असं करणारे सोनार भेटतात.

मागचा घोडेस्वार उघडा आहे, घोड्याच्या टापांखाली गरुडाची ढाल आणि कवटी. ती रचना विल्यम मॅकमिलनची. राजाचं डोकं बर्ट्राम मॅकेनलचं, आणि त्यावर मुकुट नाही.

आता कड. पहिल्या युद्धाच्या पदकाचा जीव कडेत असतो. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण असा क्रम. वाचायची पद्धत: फीत बाजूला धरा, पदक उभं करा, मोबाइलचा टॉर्च कडेला जवळजवळ समांतर ठेवा आणि थोडं थोडं फिरवत पाच-सहा फोटो घ्या. समोरून फ्लॅश मारला तर खोल अक्षरं पुसल्यासारखी दिसतात. खडू, हळद, टाल्कम पावडर भरून वाचायचा मोह टाळा. ती अक्षरांत बसते, ओल धरते आणि तिथेच हिरवा गंज धरतो.

हुद्द्यांच्या संक्षेपांनी घोटाळा होतो. ‘एस-ई-पी’ शिपाई, ‘एन-के’ नाईक, ‘एच-ए-व्ही-आर’ हवालदार, ‘एस-डब्ल्यू-आर’ घोडदळातला स्वार. ‘डी-व्ही-आर’ म्हणजे ड्रायव्हर, पण पहिल्या युद्धात तो मोटारीचा असण्यापेक्षा खेचरांचा किंवा तोफेच्या घोड्यांचा असण्याची शक्यता कितीतरी जास्त. ‘जमादार’ वाचून काही घरांत संकोच होतो. तेव्हाचा जमादार हा व्हाइसरॉयची सनद असलेला अधिकारी, आजच्या नायब सुभेदाराच्या जागी. संकोच कसला करता!

क्रमांकावर एकट्याने विसंबू नका. त्या काळी प्रत्येक पलटणीची क्रमांकमाला वेगळी होती, एकच आकडा दहा पलटणींत सापडेल. पलटण आणि क्रमांक मिळूनच माणूस ठरतो.

सह्यकंकर

पलटणींचे आकडे इथे लिहून ठेवतो, कारण सगळे त्यावर अडतात. पहिल्या युद्धाच्या पदकावर १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ यांपैकी आकडा आणि पुढे ‘मराठा’ असेल तर १९२२ च्या पुनर्रचनेत त्या सगळ्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत गेल्या. १०३ ची पहिली पलटण झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी (रॉयल), आणि ११४ ची दहावी, प्रशिक्षणाची. इंग्रजी स्पेलिंग जुन्या पद्धतीचं, ‘एच’ आधी घातलेलं असतं. पहिल्या युद्धाच्या पदकावर आजच्या स्पेलिंगचं ‘मराठा’ दिसलं तर शंका घ्यावी.

१०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियातल्या (आजचा इराक) कुतच्या वेढ्यात होत्या, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. त्यांतलं पदक असेल आणि घरात ‘तुर्कांच्या कैदेत होते’ अशी आठवण चालत आलेली असेल, तर दोन्ही गोष्टी जुळतात.

१११ हा आकडा दिसला तर गल्लत करू नका, ‘१११ महार्स’ ही वेगळी पलटण होती. १९१७ मध्ये उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ची. त्यामुळे ‘महार रेजिमेंट’ असं कडेवर असेल तर ते दुसऱ्या युद्धाचं.

खापरपणतू

धन्यवाद रिसालदार! मुलामा द्यायचा बेत रद्द. तारा मात्र आमच्याकडे नाही. हरवला असेल का?

रिसालदार

तसं असेलच असं नाही. पहिल्या युद्धात तारे दोन. मधल्या पट्ट्यांवर ‘ऑग’, ‘१९१४’, ‘नोव्ह’ असेल तर तो १९१४ स्टार, फक्त फ्रान्स-बेल्जियमसाठी, नोव्हेंबर १९१४ पर्यंतच्या सेवेचा. हिंदी कोअर त्या शरद ऋतूत फ्रान्समध्ये उतरली होती, म्हणून आपल्याकडेही हा सापडतो. एकाच पट्टीवर ‘१९१४-१५’ असेल तर तो दुसरा, इतर रणक्षेत्रांसाठी आणि १९१५ अखेरपर्यंत. ११७ वी पलटण ६ नोव्हेंबर १९१४ ला फाओला उतरणाऱ्या ब्रिगेडमध्ये होती, तरी तिच्या माणसाला १९१४ स्टार नाही, कारण मेसोपोटेमिया म्हणजे फ्रान्स नव्हे. यावर लिलावांच्या वर्णनांतसुद्धा चुका असतात.

१९१६ पासून पुढे पहिल्यांदा बाहेर गेलेल्याला तारा नाही. त्याला वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल ही जोडी. व्हिक्टरी मेडल ब्राँझचं, पंखांची विजयदेवता, मागे ‘द ग्रेट वॉर फॉर सिव्हिलायझेशन १९१४-१९१९’. त्यावर राजा नाहीच, आणि फीत इंद्रधनुष्यी. दोन्ही ताऱ्यांवर नाव पाठीमागच्या सपाट भागावर असतं, कडेवर शोधत बसू नका.

फुलवात

घासायचं कशाने ते सांगा. आमच्याकडे चिंच आणि राख, दोन्ही वापरून झालंय.

पितळी डबा

फुलवातताई, थांबा! पुढचं घासू नका. चिंचेतलं आम्ल आणि राखेची किरकिर दोन्ही मिळून अक्षरांचे कंगोरे घालवतात. राजाच्या गालाचं हाड आणि कपाळावरचे केस हे सगळ्यात उंच भाग, ते आधी सपाट होतात. भांड्यांची पावडर, टूथपेस्ट, चांदी चकाकवायचं ‘डिप’, यांतलं काहीच नको. डिपमध्ये चांदी पांढरीफटक होते, अक्षरांच्या खोबणीतली काळी छटा जाते आणि पदक कालच पाडल्यासारखं दिसतं. जाणकार त्याची किंमत कमीच करतो.

करायचंच असेल तर एवढंच. फीत आधी काढा. वाटीभर डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीचं चालतं, पण सीलबंद घ्या, नळाचं नको, त्यात क्लोरीन असतं), त्यात बिनवासाच्या सौम्य लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब. लहान मुलांचा मऊ ब्रश, हलक्या हाताने, एकाच दिशेने. पुन्हा दोनदा डिस्टिल्ड पाण्यात. जुन्या धुतलेल्या सुती कापडाने टिपा, पुसू नका. दांडी (जिच्यातून फीत ओवतात ती) आणि पदकाच्या जोडात पाणी अडकतं, तिथे टिपकागद लावून रात्रभर पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायर नको.

हिरवा, भुकटीसारखा गंज ब्राँझवर असेल तर टूथपिकने (लाकडी, धातूची नव्हे) कोरडाच खरवडा. तो परत परत येत असेल तर पदकात क्लोराइड शिरलंय. मग ते म्युझियमच्या जतन विभागातल्या माणसाला दाखवायचं काम, घरगुती नव्हे.

साठवण ही खरी अडचण. प्लास्टिकच्या ज्या मऊ पाकिटांना नव्या बुटांसारखा वास येतो ती पीव्हीसीची, त्यांतून चिकट हिरवट थर सुटतो. रबर बँड, लोकरी कापड आणि काही वेलवेटमधून गंधक सुटतं, चांदी काळी होते. प्लायवुडच्या कपाटातून आम्लाची वाफ येते. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं तर सगळ्यात वाईट. आम्लरहित कागद, त्यावर सुती कापड, मग हवाबंद पॉलिप्रॉपिलिनचा डबा (तळाला त्रिकोणात ५ असतो), आत सिलिका जेल. कोकणात पावसाळ्यात ते जेल महिन्याभरात थकतं, ओव्हनमध्ये तापवून परत टाका. डांबराच्या गोळ्या त्याच डब्यात टाकू नका.

फुलवात

फीत धुवायची का? रंग उतरलाय, कडा विरल्यात.

पितळी डबा

फीत धुवायची नाही आणि इस्त्रीही नाही. जुन्या फिती बहुधा रेशमी, रंग सुटतो. आडवी, घडी न घालता आम्लरहित पाकिटात ठेवा, वर ‘मूळ फीत’ लिहा, आणि लावायला नवी घ्या. रुंदी बहुतेकांची ३२ मि.मी., पहिल्या युद्धाच्या व्हिक्टरी मेडलची मात्र सुमारे ३९.

नाणेघाट

नवी फीत लावताना दिशा चुकते. १९३९-४५ स्टारच्या फितीवर गडद निळा, लाल, फिका निळा असे तीन सारखे पट्टे आहेत. आरमार, भूदल, हवाईदल. गडद निळा छातीच्या मध्याकडे यायला हवा, म्हणजे समोरून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला. इटली स्टारची फीत दोन्हीकडून सारखी, तिथे प्रश्न नाही. दुसऱ्या युद्धाच्या ताऱ्यांच्या फिती खुद्द राजाने ठरवल्या असं सर्वत्र नोंदलेलं आहे.

फ्रेम करायची तर क्रम: आधी तारे, १९३९-४५ सगळ्यात पुढे, मग आफ्रिका, बर्मा, इटली असे. त्यानंतर डिफेन्स मेडल, मग वॉर मेडल, आणि इंडिया सर्व्हिस मेडल त्याच्याही नंतर. फ्रेमवाल्याला सांगा, पाठीमागे गोंद किंवा ग्लू गन लावायची नाही. तारा ज्या कडीत लटकतो तिथूनच सुती दोऱ्याने बांधा. आणि काचेला पदक टेकू देऊ नका, आत १० मि.मी. तरी पोकळी हवी.

झणझणीत

सराफाने ‘ही चांदी नाही’ म्हणून सांगितलं. आता त्याच्यावर विश्वास ठेवायचा का?

रिसालदार

झणझणीत, कुठल्या युद्धाचं ते आधी सांगा. दुसऱ्या युद्धाचं हिंदी वॉर मेडल असेल तर सराफ बरोबर आहे, ते चांदीचं नाहीच. पाचव्या जॉर्जचं आणि घोडेस्वाराचं असेल तर ९२५ शुद्धतेच्या चांदीचं हवं, किंवा वर सांगितलं तसं ब्राँझचं.

सराफाला कसोटी घासू देऊ नका. तो घासायला पदकाची कड निवडतो, म्हणजे नेमकं नाव जातं. ॲसिडचा थेंबही नको. हॉलमार्किंग केंद्रात एक्सआरएफ यंत्र असतं, त्यात पदक ठेवायचं, ओरखडा न येता धातू कळतो.

घरीही होतं. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. फीत काढून पदकाचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा, आणि पदक बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला-भिंतीला न टेकवता लोंबतं धरा. आता काटा जे दाखवेल ते पदकाने बाजूला सारलेलं पाणी. पहिल्या वजनाला त्याने भागा. स्टर्लिंग चांदीला १०.३-१०.४ च्या आसपास येतं, तांबे-निकेलला ८.९. समजा पदक ३२ ग्रॅमचं असेल, तर चांदीत काटा साधारण ३.१ दाखवेल आणि तांबे-निकेलमध्ये ३.६. अंगाला बुडबुडे चिकटले की आकडा फुगतो आणि चांदीसुद्धा हलकी निघते, तेव्हा पदक आधी पाण्यात हलवून घ्या. चुंबकाला चिकटलं तर पुढचं काहीच करायला नको, ते लोखंडावर मुलामा दिलेलं.

जुनाबाजार

नकलांबद्दल चार शब्द. ओतीव नक्कल भिंगाखाली ओळखू येते. सपाट जागेवर सुईच्या टोकाएवढे खड्डे, अक्षरांचे कोपरे गोल, आणि कडेवर सांध्याची रेघ किंवा ती घासल्याची खूण. अस्सल पदक साच्यात दाबून काढलेलं असतं, अक्षर सरळ उभं राहतं. ब्रिटिश वॉर मेडलची दांडी सरळ आणि न फिरणारी. ती गरगर फिरत असेल तर डागडुजी झालीय किंवा बदललीय.

याहून जास्त फसवणूक नाव बदलण्यात आहे. सामान्य शिपायाचं नाव घासून तिथे कुत किंवा फ्रान्समधल्या नव शापेलच्या लढाईतल्या पलटणीचं नाव ठोकतात, कारण त्याला गिऱ्हाईक जास्त देतं. व्हर्निअर कॅलिपरने व्यास चार दिशांनी मोजा. घासलेल्या जागी तो कमी भरतो. शिवाय एकाच ओळीत क्रमांक एका ठशाचा आणि नाव दुसऱ्या, असं दिसतं.

मात्र दुसऱ्या युद्धाच्या पदकावर नाव नाही म्हणून ते नकली, हा निष्कर्ष काढू नका. इंग्लंडमधल्या सैनिकांना ती बिननावाचीच दिली. हिंदी सैन्याची नावासह सापडतात, बिननावाचीही सापडतात. कोऱ्या कडेवर नंतर कोरलेलं नाव हा वेगळाच उद्योग. हाताने कोरलेली अक्षरं भिंगाखाली खरवडल्यासारखी दिसतात, ठशाची दाबलेली.

कोंकणी तांडेल

सगळे पलटणीच्याच मागे लागलेत. रत्नागिरी, मालवण, गोव्याची कितीतरी माणसं बोटीवर होती. व्यापारी जहाजांवरच्या खलाशांनाही पदकं होती. पहिल्या युद्धातलं मर्कंटाइल मरीन वॉर मेडल ब्राँझचं. दुसऱ्या युद्धात १९३९-४५ स्टार, अटलांटिक स्टार, वॉर मेडल त्यांनाही. लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये त्यांच्या नोंदींची स्वतंत्र मालिका आहे: पहिल्या युद्धासाठी ‘बीटी ३५१’, दुसऱ्यासाठी ‘बीटी ३९५’. नावाने शोधता येतं. आडनावाची सगळी स्पेलिंगं टाकून बघा, पोर्तुगीज पद्धतीची आणि इंग्रजी पद्धतीची वेगळी निघतात.

अभिलेखागार

शोधाबद्दल. हिंदी शिपायांचं सेवापुस्तक लंडनमध्ये मिळेल ही आशा सोडा. तिथल्या पदककार्डांच्या मोठ्या संग्रहात हिंदी सैन्यातले मुख्यतः अधिकारी आहेत, साधे शिपाई क्वचित. मराठा पलटणींसाठी बेळगावचं रेजिमेंटल केंद्र, सॅपर्ससाठी (अभियंता सैनिक) खडकीचं बॉम्बे सॅपर्सचं केंद्र, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातलं सागर. पत्रात क्रमांक, हुद्दा, नाव कडेवर आहे तसंच इंग्रजीत लिहा, तुमच्या स्पेलिंगप्रमाणे ‘दुरुस्त’ करू नका. कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेलं असतं. शिंदे, पवार, मोरे यांची तीन-तीन रूपं सापडतात. इटलीतल्या सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या नामदेव जाधवांचं आडनावसुद्धा इंग्रजी नोंदींत एकसारखं नाही, तिथे आपल्या पणजोबांचं काय! सोबत डिस्चार्ज सर्टिफिकेटची प्रत असेल तर जोडा. पदकापेक्षा त्या कागदाचं वजन जास्त.

युद्धात वारले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची सूची बघा. मेसोपोटेमियात गेलेले बसरा स्मारकावर, फ्रान्समध्ये गेलेले आणि कबर न सापडलेले नव शापेलच्या स्मारकावर. गावातही बघा. चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी असते: ‘या गावातून इतके जण १९१४-१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले’. पाटीवर नावं नसतात, पण आकडा मिळतो आणि ग्रामपंचायतीत चौकशीला धागा मिळतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर नावातच ‘मिलिटरी’ चिकटलंय.

शिवाय वारलेल्यांच्या घरी १२० मि.मी.ची जड ब्राँझची थाळी आलेली असते: ब्रिटानिया, सिंह आणि चौकटीत उठावाच्या अक्षरांत नाव, हुद्दा नाही. बऱ्याच घरांत ती ताटली समजून माळ्यावर आहे. नाव कोरलेलं, खोल असेल तर नक्कल. अस्सलवर ते उठावातच असतं.

खापरपणतू

शौर्याचं आहे की नाही ते पटकन कसं ओळखायचं?

रिसालदार

वाचून. शौर्याच्या बहुतेक पदकांवर तसं लिहिलेलं असतं. मिलिटरी मेडलवर ‘फॉर ब्रेव्हरी इन द फील्ड’, आणि ते हिंदी शिपायांना १९४४ पासूनच खुलं झालं. इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडलवर पानांच्या वेटोळ्यात ‘फॉर डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस’. माणगावला ज्यांचा पुतळा आहे त्या नाईक यशवंत घाडगे यांचा व्हिक्टोरिया क्रॉस १० जुलै १९४४ च्या इटलीतल्या लढाईचा, मरणोत्तर. त्यावर ‘फॉर व्हॅलर’. वॉर मेडलच्या फितीवर ब्राँझचं ओकचं छोटं पान असेल तर सेनापतीच्या खलित्यात नाव आलं होतं, ती मोठी गोष्ट. पण ते पान बाजारात सुटं मिळतं आणि कोणीही टोचतं, तेव्हा कागद हवाच.

झणझणीत

परदेशी लिलावात चांगली किंमत येते म्हणे. पाठवता येतं का?

जुनाबाजार

शंभर वर्षांपेक्षा जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या युद्धाची बहुतेक पदकं आता त्या रेषेपलीकडे गेली. कुरिअरवाल्याने ‘इमिटेशन ज्वेलरी’ लिहून पाठवतो म्हटलं तर त्याच्या नादी लागू नका, कस्टम्समध्ये पकडलं की पदकही जातं आणि खटलाही मागे लागतो. दुसऱ्या युद्धाची अजून शंभरीच्या आत आहेत, तरी पुरातत्त्व खात्याकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला घेऊनच पाठवा.

सह्यकंकर

शेवटचा एक घोळ. मराठा पलटणीच्या दुसऱ्या बटालियनचा माणूस, आफ्रिका स्टार आहे, आठव्या आर्मीत (उत्तर आफ्रिकेत लढलेली ब्रिटिश सेना) होता असं कागद म्हणतो, पण फितीवरचा ‘८’चा आकडा नाही. हरवला?

नाणेघाट

हरवला नाही, मिळालाच नसावा. ‘८’ लावायला आठव्या आर्मीत २३ ऑक्टोबर १९४२ किंवा त्यानंतर सेवा हवी, म्हणजे अल-अलामेनच्या लढाईपासून. दुसरी बटालियन लिबियातल्या टोब्रुकला होती, आणि टोब्रुक २१ जून १९४२ ला पडलं. जे तिथे कैद झाले ते आठव्या आर्मीचेच, पण तारखेत बसत नाहीत. युद्धानंतर यावर बरीच नाराजी होती, नियम बदलला नाही. त्यामुळे टोब्रुकच्या कैद्याच्या ताऱ्यावर चकचकीत ‘८’ दिसला तर तो नंतर कोणीतरी चिकटवलेला.

आणि त्याच डब्यात केशरी-पांढरी-हिरवी फीत असलेलं पदक निघालं तर त्याला युद्धपदकांत धरू नका. ते १९४७ चं इंडियन इंडिपेंडन्स मेडल. एका बाजूला अशोकचक्र आणि त्याच्या डोक्यावर राजाचा मुकुट, दुसऱ्या बाजूला सारनाथचे सिंह. १५ ऑगस्ट १९४७ ला नोकरीत असलेल्यांसाठीचं ते पदक. म्हणजे माणूस युद्धानंतरही किमान दोन वर्षं सैन्यात होता, आणि अभिलेख कार्यालयाला पत्र लिहिताना सेवेचा काळ १९४५ वर न थांबवता पुढचा मागायचा.